हिट वर्कआऊट: चार मिनिटांत शरीरात नक्की काय होतं?

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे सावकाश वाचा.)

हेडफोन लावून ट्रेडमिलवर पळत हे ऐकत असाल, तर स्पीड जरा कमी करा. आजचा विषय थोडा त्याच्याशीच संबंधित आहे.

गेले काही दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. "दादा, रोज चार मिनिटं ताबाता केलं तर जिमची फी वाचेल का?" "हिट केल्यावर झोपेतसुद्धा फॅट जळतं, खरं आहे का?" तर आज हाय इन्टेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजेच हिट, यावर बोलू. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण एखादी सिस्टिम लोडखाली कशी वागते, हे लॉग उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि यावेळी जी सिस्टिम पडली, ती माझी स्वतःची होती.

झालं असं. गेल्या वर्षी आमचं एक मोठं रिलीज होतं. रात्री तीनला काम संपलं. सकाळी सातला उठलो, एक कप काळी कॉफी घेतली आणि सोसायटीच्या टेरेसवर गेलो. मोबाईलवर टायमर लावला. वीस सेकंद बर्पी, दहा सेकंद थांबायचं, असे आठ राउंड. ते झाल्यावर वाटलं, अजून एक सेट मारू. मग अजून एक. शेवटची बर्पी संपली, मी ताठ उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले, टायमरची शिट्टी ऐकली... आणि पुढचं आठवतं ते म्हणजे गरम फरशी आणि हनुवटीतून येणारं रक्त.

दोन टाके पडले. आईला फोनवर सांगितलं, "बाईकवरून घसरलो." टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" मी म्हटलं, "नाही."

हे दोन्ही खोटं होतं. माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी ५३व्या वर्षी झाली आहे. हे मी का लपवलं, ते शेवटी सांगतो. आधी शरीरात काय झालं ते बघू.

हे नवीन नाही

हिटची कल्पना सोपी आहे. थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ आराम किंवा हळू, आणि हे पुन्हा पुन्हा. ॲप आत्ता आली, पद्धत जुनी आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयाचे डॉक्टर, या दोघांनी धावपटूंसाठी ती शिस्तीत बसवली. गेर्शलर यांचा धावपटू रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. तो १६ वर्षं कुणाला मोडता आला नाही. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झातोपेक ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारून तयार झाला आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेऊन गेला.

आता ताबाता. इझुमी ताबाता हे जपानी संशोधक. जपानच्या स्पीड स्केटिंग टीमचे प्रशिक्षक खेळाडूंकडून जो व्यायाम करून घेत होते, तो त्यांनी लॅबमध्ये मोजला. १९९६ मध्ये त्यांचा पेपर आला. एक गट सायकलवर रोज एक तास मध्यम वेगाने. दुसरा गट २० सेकंद प्रचंड जोरात, १० सेकंद आराम, असे ७-८ राउंड. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, वाढली. पण ऑक्सिजनशिवाय ताकद लावायची क्षमता फक्त दुसऱ्या गटाची वाढली, तीही २८ टक्के.

इथे तीन गोष्टी रीलवाले सांगत नाहीत. एक, ती माणसं आधीच खेळणारी, तरुण मुलं होती. दोन, तो जोर त्यांच्या व्हीओटू मॅक्सच्या १७० टक्के होता. शेवटच्या राउंडला पेडल फिरवणं अशक्य व्हावं, असाच तो ठरवलेला होता. आपण टेरेसवर उड्या मारतो तो ताबाताचा टायमर असतो, ताबाताचा व्यायाम नसतो. आणि तीन, चार मिनिटांच्या आधी दहा मिनिटांचा वॉर्म-अप होता, शिवाय आठवड्यातला एक दिवस तो गटही अर्धा तास मध्यम वेगाने सायकल चालवत होता.

पहिले दहा सेकंद

आता आत शिरू. स्नायूला हालचाल करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. गंमत म्हणजे स्नायूत साठवलेलं एटीपी फक्त दोन-तीन सेकंद पुरेल एवढंच असतं. म्हणजे खिशात सुट्टे पैसे असावेत तसं. ते संपायच्या आत क्रिएटिन फॉस्फेट मदतीला येतं आणि एटीपी परत भरून देतं. पण तेही पूर्ण जोर लावला तर साधारण दहा सेकंदांत बरंचसं खाली जातं. सुटणारी बस पकडायला तुम्ही जे पळता ना, ते या दोघांच्या जिवावर.

याच वेळी ॲड्रिनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, आणि रक्ताची वाटणी बदलते. आरामात बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं आणि त्यातलं पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातं. पूर्ण जोराच्या व्यायामात तरुण माणसाचं हृदय २० लिटरच्या आसपास रक्त फिरवतं आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त स्नायूंकडे जातं. पोट आणि आतड्यांचा वाटा कमी होतो. म्हणून जेवून लगेच हिट केलं की मळमळतं.

वीस सेकंदांनंतरची आग

दहा सेकंदांनंतर मुख्य काम ग्लुकोज तोडण्याकडे जातं, तेही ऑक्सिजनची वाट न बघता. हा रस्ता वेगवान आहे, पण महागडा. एका ग्लुकोजमागे दोन एटीपी मिळतात. तेच ग्लुकोज ऑक्सिजनसोबत पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास मिळतात. या वेगवान रस्त्यावर लॅक्टेट तयार होतं आणि स्नायूत आम्लता वाढते. मांड्या पेटल्यासारख्या वाटतात ते याच काळात.

लॅक्टेट बिचारं उगाच बदनाम आहे. तो कचरा नाही. रक्तातून ते हृदयाकडे जातं आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतं. यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखतात ते लॅक्टेटमुळे नाही, ते तर व्यायामानंतर तासाभरात रक्तातून निवळतं. ती दुखणी सवय नसलेल्या कामामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेची असते.

विश्रांतीत काय होतं?

हिटचा खरा डाव विश्रांतीत आहे. संपलेलं क्रिएटिन फॉस्फेट अर्धं भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला काही मिनिटं. म्हणजे दहा सेकंदांच्या आरामात ते भरतच नाही. हृदय आणि श्वास खाली यायच्या आत पुढचा राउंड सुरू होतो. मग प्रत्येक राउंडला ऑक्सिजनवाल्या यंत्रणेवर जास्त भार पडतो. सुरुवात स्प्रिंटसारखी असली तरी शेवट दमसासाचा होतो तो यामुळे.

उलट चार-चार मिनिटांची मोठी विश्रांती घेतली तर प्रत्येक वेळी पुन्हा पूर्ण ताकदीनं जोर लावता येतो. म्हणजे विश्रांती किती घ्यायची, यावर शरीराला कोणता निरोप जाणार हे ठरतं. मी मात्र तो टायमर फक्त घाम काढायचं साधन समजत होतो.

मग मी पडलो का?

जोरात व्यायाम चालू असताना पायातल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात. ते रक्त वर हृदयाकडे परत आणायचं मोठं काम पिंढऱ्या आणि मांड्या करतात. त्या आवळल्या की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पंपच समजा. मी शेवटच्या बर्पीनंतर एकदम ताठ उभा राहिलो, म्हणजे पंप बंद केला. रक्तवाहिन्या उघड्याच, रक्त पायात साठलेलं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, ब्लडप्रेशर खाली, मेंदूला पुरवठा कमी. चक्कर आली आणि गेलो खाली.

त्यात चार तासांची झोप, रिकामं पोट, पाणी नाही, उन्हाळा. एकेक गोष्ट निभावली असती. सगळ्या एकदम आल्या.

म्हणून एक गोष्ट आजच लक्षात ठेवा. शेवटचा राउंड संपला की थांबायचं नाही. तीन ते पाच मिनिटं चालत राहायचं. शिट्टी वाजली म्हणून शरीराचं काम संपलेलं नसतं.

काही आठवड्यांनी काय बदलतं?

सगळ्यात आधी बदलतं रक्त. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयात दर ठोक्याला जास्त रक्त भरतं, त्यामुळे त्याच कामाला ठोके कमी लागतात. दुसरा बदल स्नायूंच्या आत. इंधन संपत आल्याचा इशारा पेशीला मिळतो, आणि ती मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे कारखाने, वाढवायला लागते. केशवाहिन्याही हळूहळू वाढतात. तिसरा बदल हृदयाचा स्वतःचा, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायची क्षमता. याला आठवडे आणि महिने लागतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने २००५ मध्ये एक प्रयोग छापला. दोन आठवड्यांत फक्त सहा सत्रं. प्रत्येक सत्रात ३० सेकंद जीव तोडून सायकल, मग चार मिनिटं आराम, असं चार ते सात वेळा. ठरावीक जोरावर दमेपर्यंत सायकल चालवायची वेळ सरासरी २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेली. पण व्हीओटू मॅक्स तेवढ्यात वाढला नव्हता. बदल आधी स्नायूंत झाला होता.

२०१६ मध्ये त्याच गटाने बैठं आयुष्य जगणाऱ्या, साधारण आपल्याच वयाच्या पुरुषांना १२ आठवडे घेतलं. एक गट आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं मध्यम सायकल. दुसरा गट तीनदाच, पण फक्त दहा मिनिटं, आणि त्यात २० सेकंदांचे तीन स्प्रिंट, बाकी हळू. दोन्ही गटांची ऑक्सिजन क्षमता सारखीच वाढली, साधारण १९ टक्के. म्हणजे "वेळच नाही" म्हणणाऱ्या आपल्यासाठी हिट खरंच कामाचं आहे. फक्त नीट बघा, आठवड्यातून तीनदा. रोज नाही.

झोपेत फॅट जळतं का?

हिटनंतर काही तास शरीर जास्त ऑक्सिजन वापरतं, हे खरं. क्रिएटिन फॉस्फेट भरणं, तापमान खाली आणणं, लॅक्टेट निपटणं, ही कामं असतात. यालाच आफ्टरबर्न म्हणतात. पण ते किती? व्यायामात जेवढी ऊर्जा खर्च झाली, तिच्या साधारण ६ ते १५ टक्के. समजा वर्कआऊटमध्ये २०० कॅलरी गेल्या, तर वरचे १२ ते ३०. चहासोबतचं एखादं बिस्किट! त्यावर वडापाव खाऊन आलात तर हिशोब कुठल्या बाजूला झुकतो, ते मी सांगायला नको.

हिटचा मोठा फायदा वजनकाट्यावर दिसत नाही. तो जिन्यावर दिसतो.

मग कसं करायचं?

माझ्या चुका करून जे शिकलो ते सांगतो. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास असेल, तुम्हाला बीपी किंवा शुगर असेल, छातीत दाटतं, धडधड होते, कारण नसताना चक्कर येते, तर आधी डॉक्टर. "ॲसिडिटी असेल" म्हणून ढकलायचं नाही.

पहिला महिना फक्त चाला, जिना चढा, सायकल चालवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. तो पाया आधी. मग आठवड्यातून एकदा-दोनदा इंटरव्हल, दोनांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा. उड्यांपेक्षा चढ निवडा. चढावर जोर लागतो, पण गुडघ्यांवर आपटणं कमी. मी पर्वतीच्या पायऱ्या निवडल्या. एक मिनिट झपाझप वर, दोन मिनिटं शांतपणे खाली, सहा वेळा. आधी दहा मिनिटं वॉर्म-अप, नंतर पाच मिनिटं चालणं.

घड्याळातल्या आकड्याच्या फार मागे लागू नका. २२० वजा वय हे सूत्र सरासरी आहे, तुमचे खरे कमाल ठोके त्याच्यापेक्षा दहा-बारानं इकडे तिकडे असू शकतात. सोपी खूण बोलण्याची. जोराच्या वेळी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नसेल, तर जोर पुरेसा आहे. आणि रात्री झोप झाली नसेल, ताप असेल, तर हिट रद्द. डिप्लॉयमेंट पुढे ढकलतो की नाही आपण? तसंच.

आणि बाबा

आता ते खोटं.

मी खोटं का बोललो? कारण "घरात कुणाला हार्टचा त्रास?" या प्रश्नाला "हो" म्हटलं असतं, तर माझंही नाव त्या यादीत आलं असतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मला त्या यादीत यायचं नव्हतं. खरं तर जीव तोडून हिट करण्यामागेही तेच होतं. मला फिट व्हायचं नव्हतं, बाबांसारखं व्हायचं नव्हतं. घाबरलेला माणूस किती सेट मारायचे, हे मोजत नाही.

दोन आठवड्यांनी सांगलीला घरी गेलो. बाबांनी हनुवटी बघितली. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "बाईकवरून पडल्यावर हाताला खरचटतं लेका. नुसती हनुवटी फुटत नाही." मग सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "माझ्या छातीत सहा महिने दुखत होतं. मीपण कुणाला सांगितलं नव्हतं."

पुण्याला परत येऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेलो आणि खरं सांगितलं. ईसीजी, बीपी, रक्ततपासणी, ट्रेडमिल टेस्ट. हृदय ठीक निघालं, कोलेस्टेरॉल थोडं वर. आता ते माहीत आहे, म्हणून त्यावर काम करता येतं.

मग बाबांचा प्रश्न आला, "तुझं ते हिट मी करू का?" मी वाचायला बसलो. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये २००७ साली, हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या, सरासरी ७५ वर्षांच्या रुग्णांना चार-चार मिनिटांचे इंटरव्हल दिले होते. त्यांची ऑक्सिजन क्षमता ४६ टक्के वाढली, मध्यम व्यायामवाल्यांची १४ टक्के. वाचून मी उड्या मारल्या. पण ते सगळं देखरेखीखाली, तपासण्या करून झालेलं होतं. म्हणून मी ठरवलं नाही, बाबांच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पळणं नको, चालण्यातला वेग बदला. आणि एक महत्त्वाचं सांगितलं. बाबांना बीटा ब्लॉकर चालू आहे, त्या गोळीनं ठोके मुद्दाम कमी राहतात, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून जोर ठरवायचा नाही.

जपानमधल्या मात्सुमोतो शहरात अशीच चालण्याची पद्धत मोठ्या वयाच्या लोकांवर तपासली आहे. तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं हळू, असं पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढले, बीपी खाली आलं. बाबांनी हेच सुरू केलं. टायमर नको म्हणाले. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजतात. ठरलेल्या खांबापर्यंत झपझप, पुढच्या ठरलेल्या खांबापर्यंत सावकाश. छातीत जरा जरी वाटलं, तर थांबायचं आणि आईला सांगायचं, असा करार झालाय.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं चाललो. जोराच्या खांबांमध्ये ते बोलले नाहीत. हळूच्या खांबांमध्ये त्यांनी अँजिओप्लास्टीच्या रात्रीची सगळी गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधीच ऐकली नव्हती. तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत.

तर मंडळी, आज एवढंच. हिट जरूर करा. पण त्याच्या आधी एक फोन घरी करा आणि विचारा, "आपल्याकडे कुणाला हार्टचा त्रास आहे का? कितव्या वर्षी झाला?" उत्तर लिहून ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर शेवटच्या राउंडनंतर चालत राहा!